नमुना फाइल 'दिसायला बरोबर' आली म्हणून कन्व्हर्टर पास होतो का?

उलटतपासणी

'नमुनेदार' यांची परवाची पोस्ट: मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात तारे, # अशा खुणा घालून लिहायची पद्धत) एक नमुना फाइल करा, तीत शीर्षक, ठळक, तिरपं, यादी, कोड, दुवा, तक्ता असं सगळं एकेकदा घाला, पॅनडॉक या कन्व्हर्टरमधून वर्ड आणि एचटीएमएल काढा, नजर फिरवा, पाच मिनिटांत कन्व्हर्टर कसा आहे ते कळतं. खाली 'जबरदस्त', 'सेव्ह करून ठेवलं' वगैरे. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते हाताबाहेर गेलं म्हणून वेगळा धागा.

अहो, अशा फाइलमध्ये प्रत्येक गोष्ट एकटी, आंघोळ करून, मागेपुढे रिकामी ओळ सोडून उभी असते. ती कोण नापास करणार? घोळ होतात ते सांध्यांवर. साधं बघा. पॅनडॉकच्या स्वतःच्या मार्कडाउनला शीर्षकाच्या वर रिकामी ओळ लागते. नाही दिली तर # सकट ती ओळ वरच्या परिच्छेदात जाऊन बसते. कॉमनमार्कला (मार्कडाउनच्या नियमांचं प्रमाण रूप) ती लागत नाही. यादीचंही तेच: परिच्छेदाला चिकटून ठिपक्यांची यादी लिहिली तर कॉमनमार्क यादी मानतो, पॅनडॉकचं मार्कडाउन मानत नाही. तुमच्या फाइलमध्ये जिकडेतिकडे रिकाम्या ओळी, म्हणजे हा फरक तुम्हाला जन्मात दिसायचा नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्याला रोज लागणाऱ्या दोन ओळी (दोन-दोन ताऱ्यांमधलं ठळक व्हायला हवं):

\*\*"मसुदा"\*\*चा शेवटचा भाग
खर्च \*\*५०%\*\*नी वाढला

पॅनडॉकला या 'मार्कडाउन' म्हणून द्या, दोन्हीकडे ठळक येतं. त्याच पॅनडॉकला 'कॉमनमार्क' म्हणून द्या, तारे जसेच्या तसे छापून येतात. कारण कॉमनमार्कचा नियम: बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह असेल तर नंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं. इथे आधी अवतरण नाहीतर टक्का, नंतर 'चा' नाहीतर 'नी'. तारे बंदच होत नाहीत. इंग्रजीत शब्दाला शेपूट चिकटत नाही, म्हणून ही ओळ त्यांच्या नमुन्यात नसते, आणि तुम्ही तोच नमुना मराठी करून डकवलात.

तपासायचंच असेल तर आउटपुट बघत बसू नका, झाड बघा, म्हणजे कन्व्हर्टरने मजकूर वाचून मनाशी बांधलेली शीर्षक-परिच्छेद-यादीची रचना. पॅनडॉकमधून 'नेटिव्ह' काढा, तेच ते झाड. मग मार्कडाउनमधून झाड, झाडातून पुन्हा मार्कडाउन, त्यातून पुन्हा झाड, आणि दोन झाडं ताडून बघा. मजकूर ताडू नका, कारण लिहिताना तो ओळी ७२ रकान्यांवर मोडतो आणि खुणा आपल्या सवयीने बदलतो.

नमुनेदार

एवढं लिहिण्याआधी माझी पोस्ट शेवटपर्यंत वाचली असती तर बरं झालं असतं. मी लिहिलं होतं, 'रोजच्या कामासाठी'. ज्याला अहवाल वर्डमध्ये द्यायचाय त्याला झाड दाखवून काय उपयोग? त्याचा साहेब झाड उघडणार आहे का?

आणि तुमच्या झाड-मार्कडाउन-झाड फेरफटक्याबद्दल. कन्व्हर्टरच्या रीडरने, म्हणजे वाचणाऱ्या भागाने, पहिल्याच वाचनात एखादी गोष्ट गाळली, तर पहिलं झाडही तिच्याविना, दुसरंही तिच्याविना. दोन्ही तंतोतंत जुळतात. टेस्ट हिरवी, मजकूर गायब. याला तुम्ही तपासणी म्हणता?

उलटतपासणी

म्हणूनच अपेक्षित झाड आधी हाताने लिहून ठेवायचं असतं. कॉमनमार्कची प्रमाणपोथी स्वतःच टेस्ट आहे, सहाशेहून जास्त उदाहरणं, प्रत्येकासमोर अपेक्षित एचटीएमएल. त्या पोथीतून उदाहरणं उपसून चालवायची सोय आहे. नजर फिरवण्याचा प्रश्नच येत नाही.

बिल्डपडला

हाताने लिहून ठेवतं कोण? सगळे एकदा कन्व्हर्टर चालवतात, जे येईल ते 'अपेक्षित' म्हणून साठवतात. आमच्याकडे असंच साठवलेलं होतं. यादीच्या आतला कोड पहिल्या दिवसापासून चुकीचा बाहेर येत होता आणि टेस्ट इमानेइतबारे त्या चुकीची राखण करत होती. मी दुरुस्त केला तेव्हा बिल्ड पडलं आणि शिव्या मी खाल्ल्या.

बाकी त्या 'मसुदा' प्रकरणात एवढं काय? प्रत्यय एक जागा सोडून लिहा. "मसुदा" चा. तारे सुटतील.

शुद्धलेखनपोलीस

काय म्हणालात? मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहितात. हे शाळेत शिकवतात. एका प्रोग्रामला तारे कळत नाहीत म्हणून आम्ही व्याकरण मोडायचं? उद्या तो म्हणेल, अनुस्वार झेपत नाही. तेव्हा काय करणार?

बिल्डपडला

अवतरणाच्या बाबतीत निम्मी वर्तमानपत्रं सोडून लिहितात. त्यांना पकडा आधी.

शुद्धलेखनपोलीस

त्यांना पकडून थकलो. म्हणून इथे आलो.

ऑर्गवासी

हे सगळं मार्कडाउनचं पाप आहे. २००४ मध्ये मार्कडाउनचा कर्ता ग्रुबर याने पर्लची एक स्क्रिप्ट आणि वर्णनाचं एक पान दिलं, नेमकं व्याकरण दिलंच नाही. मग प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. २०१४ मध्ये प्रमाण करायला निघाले तर नावावरूनच भांडण, शेवटी 'कॉमनमार्क'. मी कित्येक वर्षं ऑर्गमध्ये (अशीच दुसरी खुणांची पद्धत) लिहितो, असले प्रश्न येत नाहीत.

कंपोझिटर

ऑर्गवासी, हात जोडतो. ऑर्गमध्ये \*मसुदा\*चा लिहून बघा. अवतरण नाही, टक्का नाही, नुसता शब्द. ठळक होत नाही. ऑर्गला बंद ताऱ्यानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच लागतं. मार्कडाउनमध्ये निदान साधा शब्द तरी सुटतो.

ऑर्गवासी

त्यावर उपाय आहे, मॅन्युअलमध्येच दिलाय. मध्ये शून्य रुंदीची जागा घालायची. दिसत नाही, काम होतं.

कंपोझिटर

दिसत नाही हेच तर दुखणं आहे! माझ्याकडे अशा जागा पेरलेली एक हस्तलिखित फाइल आली. लेखकाला स्वतःलाही माहीत नव्हतं. पुस्तकभर एक नाव बदलायचं होतं, प्रत्ययासकट. शोधा-बदला चालवलं, निम्म्या ठिकाणी नाव सापडलंच नाही. ओळ डोळ्यांसमोर, अक्षरं तीच, आणि संगणक म्हणतो 'आढळले नाही'. एकेक अक्षराचा कोड बघितला तेव्हा मध्ये बसलेला तो अदृश्य पाहुणा दिसला. लेखकाला फोन करून विचारलं तर म्हणे, 'मी तर काहीच टाइप केलं नाही तिथे.'

उलटतपासणी

आणि ती युक्ती कॉमनमार्कमध्ये चालतही नाही. तो अक्षरक्रमांक युनिकोडच्या हिशेबात 'मोकळी जागा' नाही, फॉरमॅट वर्गात मोडतो. \*\*"मसुदा"\*\* नंतर तो घातला तरी तारे उघडेच. तारे दिसतात ते दिसतातच, वर शोधही बिघडतो.

अस्कीडॉक_प्रेमी

आमच्या अस्कीडॉकमध्ये हा वाद कधीचाच मिटलेला आहे. शब्दाच्या कडेला एक तारा, शब्दाच्या पोटात दोन तारे. प्रत्यय जोडायचाय? दोन तारे लावा, पुढे जा.

बिल्डपडला

आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये बॅकस्लॅश देऊन मग जागा सोडायची, ती जागा आउटपुटमध्ये गळते. कुरूप, पण चालतं. म्हणजे प्रत्ययाचा प्रश्न सगळ्यांना पडला, प्रत्येकाने आपापली खुंटी ठोकली. जॉट या नव्या पद्धतीत तर महिरपी कंस देऊन सरळ सांगता येतं की इथे उघडतोय, इथे बंद करतोय. २०२२ चं आहे ते, पॅनडॉकचे कर्ते मॅकफार्लेन यांचंच. पॅनडॉक आणि कॉमनमार्क दोन्हींत हात घालून मग त्यांनी हे केलं, यातच काय ते समजा.

शुद्धलेखनपोलीस

एकूण पाच वाक्यरचना झाल्या. प्रत्यय मात्र एकच आहे. तो जोडून लिहा.

नमुनेदार

धागा माझ्या फाइलवर होता ना? असो. तुमच्या 'मसुदा'ला मी सोपं उत्तर देतो, झाड न पाहता. अवतरण ताऱ्यांच्या बाहेर काढा: "\*\*मसुदा\*\*"चा. बंद ताऱ्याआधी आता अक्षर आहे, विरामचिन्ह नाही. कॉमनमार्कही निमूट ठळक करतो. टक्क्याचं म्हणाल तर 'नी' आत घ्या. झालं. एवढ्यासाठी दोन पानं?

उलटतपासणी

उत्तर बरोबर आहे. ते तुम्हाला धाग्याच्या या टोकाला सुचलं, तुमच्या नमुना फाइलने सुचवलं नाही, एवढीच माझी तक्रार होती. आणि ताऱ्यांऐवजी अधोरेषा लावणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये: \_मसुदा\_चा हे कुठल्याही प्रकारे सुटत नाही, पॅनडॉकमध्येही नाही आणि कॉमनमार्कमध्येही नाही. शब्दाच्या पोटातली अधोरेषा दोघेही खूण मानत नाहीत. एरवी प्रोग्रामातली अधोरेषावाली नावं अर्धी तिरपी झाली असती. मराठीसाठी तारेच वापरा.

कंपोझिटर

आता मी नमुनेदार यांच्या बाजूने बोलतो, आणि उलटतपासणी यांनी रागावू नये. माझ्याकडे एक कन्व्हर्टर होता (पॅनडॉक नव्हे, कुणीतरी घरी केलेला). मार्कडाउन वाचून झाड अगदी शुद्ध. एचटीएमएल शुद्ध. वर्ड फाइल उघडली तर इंग्रजी शब्द ठळक, मराठी शब्द साधे. वाक्य एक, तारे तेच, आणि अर्धंच वाक्य ठळक! कारण वर्डच्या फाइलमध्ये ठळकपणाचे दोन टॅग असतात, एक साध्या लिपीसाठी, दुसरा देवनागरी-अरबीसारख्या जटिल लिप्यांसाठी. त्या गृहस्थांनी पहिलाच लिहिला होता. हे झाडात कुठे दिसणार? झाडात नुसतं 'ठळक' असतं. हे फक्त वर्ड उघडून नजरेला दिसतं.

उलटतपासणी

ठीक. नजर हवी. पण ती तुमची हवी. देवनागरीत ठळक कसं दिसतं ते ओळखणारी. आणि एकदा दिसल्यावर ती दोन टॅगांची गोष्ट टेस्टमध्ये घाला, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा कुणाचे तरी डोळे भाड्याने आणावे लागतील.

नमुनेदार

बघा, 'ठीक' लिहिताना बोटं दुखली असतील.

वाचक_क्र_बारा

मध्येच तोंड घालतो. आमच्याकडची नियमपुस्तिका मार्कडाउनमध्ये होती, पायऱ्या मराठी अंकांत: १. २. ३. कन्व्हर्टरमधून काढल्यावर सगळ्या पायऱ्या एकाच परिच्छेदात वाहत गेल्या. 'मुख्य बटण बंद करा २. झाकण काढा ३. वायर सोडवा', असं एका दमात. छापून भिंतीवर लागली. कन्व्हर्टरने चूक दाखवली नाही, काही नाही. कारण कॉमनमार्कला यादीचा अंक म्हणून फक्त शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक कळतात. आमच्या पुस्तिकेचं 'दिसायला बरोबर' बघणाऱ्या माणसाने पहिलं पान बघितलं होतं, पायऱ्या सातव्या पानावर.

शुद्धलेखनपोलीस

म्हणजे आता मराठी अंकही सोडायचे?

उलटतपासणी

नाही. स्रोतात इंग्रजी अंक, आउटपुटमध्ये शैलीतून मराठी अंक. सीएसएसमध्ये (एचटीएमएलचं दिसणं ठरवणारी भाषा) देवनागरी यादीची सोय आहे, वर्डमध्येही क्रमांकांचं स्वरूप बदलता येतं. पण हे कुणीतरी आधी ठरवायला लागतं, आणि ठरवायला आधी यादी फुटलेली दिसायला लागते.

बिल्डपडला

भांडण पुरे. मी सांध्यांच्या ओळी गोळा करतोय. शीर्षक रिकाम्या ओळीविना, परिच्छेदाला चिकटलेली यादी, अवतरणानंतरचा प्रत्यय, टक्क्यानंतरचा प्रत्यय, मराठी अंकांची यादी, वर्डमधले दोन टॅग. कुणाला भर घालायची असेल तर मत नको. ओळ द्या, अपेक्षित झाड द्या, आणि कुठल्या प्रकारच्या मार्कडाउनसाठी ते लिहा.

ऑर्गवासी

तळटीपेच्या आत यादी. ऑर्गमध्ये येते, बाय द वे.

अस्कीडॉक_प्रेमी

तक्त्याच्या रकान्यात उभी रेघ. गिटहबच्या मार्कडाउनमध्ये ती कोडच्या आत असली तरी बॅकस्लॅश द्यावा लागतो, नाहीतर रकाना फुटतो.

नमुनेदार

सैल यादी आणि घट्ट यादी. दोन बाबींमध्ये रिकामी ओळ सोडली की प्रत्येक बाब परिच्छेद होते आणि वर्डमध्ये मधली अंतरं वाढतात. ही माझ्या फाइलमध्ये पहिल्यापासून होती, कुणी बघितली नाही.

उलटतपासणी

ही घ्या. चांगली आहे.