अनुभव सांगा : जुन्या इमारतीतलं भाड्याचं घर कसं टिकवलं? (सांगली-सातारा)

जुनी इमारत पडली की तिथं होणारा फ्लॅट जुन्या भाडेकरूला परवडत नाही. हळदीच्या पेढीवरचे हमाल, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, पेन्शनीवर भागवणारी म्हातारी माणसं आज गावात राहू शकतात ती या दोन-तीन मजली जुन्या इमारतींमुळे. आहे ती बिऱ्हाडं ठेवून तुमची इमारत कशी टिकली, किंवा का टिकली नाही, ते लिहा. मालकांनीही लिहावं.

गावभाग, सांगली
२०१९ च्या पुरात आमचा तळमजला पाण्यात गेला. पाणी ओसरलं, ओल काही गेली नाही. खांबांचा गिलावा सुटला, सळया दिसायला लागल्या. मालक म्हणाले, धोकादायक झाली, खाली करा. आम्ही बिऱ्हाडांनी वर्गणी काढून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्यांनी एकेक खांब ठोकून पाहिला आणि लिहून दिलं : पाडायची गरज नाही, तळाच्या खांबांना जॅकेटिंग करा (म्हणजे खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर चढवा), गच्चीची गळती थांबवा. तो कागद पाहिल्यावर मालकांचा सूर बदलला. काम चाललं तोवर खालची बिऱ्हाडं वरच्यांकडे राहिली. भांडणं झाली, पाण्यावरून तर रोज. पण गाव सोडून कुणी गेलं नाही. पहिला पैसा वकिलावर घालू नका, इंजिनिअरवर घाला.

मिरज
भाडेपावती आईच्या नावावर होती. आई गेली आणि नव्या मालकांनी भाडं घेणंच थांबवलं. भाडेकरूच्या मृत्यूवेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो, हे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. मी दर महिन्याला मनीऑर्डर करत राहिले आणि परत आलेली प्रत्येक जपून ठेवली. भाडं द्यायची तयारी असताना थकबाकी दाखवून बाहेर काढता येत नाही. नंतर नळ तोडला, तेव्हा त्याच कायद्याचं कलम २९ पुढं केलं. पाणी, वीज तोडायला मालकाला बंदी आहे.

विश्रामबाग, सांगली
आम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर होतो, म्हणजे मुदतीपुरती राहायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही. वर लिहिलंय त्यातलं काही आम्हाला लागू नाही. मुदत संपली, निघालो. मुलीची शाळा तीच ठेवली, आता कुपवाडहून ये-जा करते.

शनिवार पेठ, सातारा (मालक)
माझं ऐका. एका खोलीचं भाडं महिना ४०० रुपये. कायद्यानं दुरुस्ती माझ्याकडे. मी नाही केली तर भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करेल आणि भाड्यातून वळती करेल, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. म्हणजे १२०० रुपये! साताऱ्याच्या पावसात तेवढ्यात कौलंही फिरवून होत नाहीत. म्हणून मालक हात वर करतो, इमारत कुजते आणि मग बिल्डर येतो. माझ्याकडेही आला होता. वर्षाला ४ टक्के वाढ कायद्यातच आहे, ती मी कधी मागितली नव्हती, आता घेतो. छपराचा खर्च निम्मा माझा, निम्मा भाडेकरूंचा, तसं लिहून ठेवलंय. वडिलांच्या वेळची माणसं आहेत, त्यांना उठवून मला पैसा नको होता.

खणभाग, सांगली
आमची ४० वर्षांची इमारत. ३० वर्षं झाल्यावर तपासणी बंधनकारक असते, आमची कधी झालीच नाही आणि आता महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागलीय. कोण किती जागेत राहत होतं याचा पुरावा राहावा म्हणून, कुणी खाली करण्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि राहणाऱ्यांची नावं अधिकाऱ्यांच्या सहीनं लिहून घेतोय. गावभागच्या ताई, जॅकेटिंगचं काम पावसाळ्यात करता येतं का, तुमच्या इंजिनिअरना विचारून सांगाल?