शब्दचर्चा: आयपी ॲड्रेस म्हणजे पत्ता, क्रमांक की आणखी काही?

अनुस्वार:
सोसायटीच्या वाचनालयासाठी ‘घरचा वायफाय प्रिंटर कसा जोडावा’ असं एकपानी मराठी सूचनापत्र करायचं आहे. वाचणारे बहुतेक साठीपुढचे. मूळ वाक्यात म्हटलंय की प्रिंटरचा नेटवर्क ॲड्रेस शोधा आणि कॉम्प्युटरवरच्या चौकटीत भरा. मी ‘प्रिंटरचा पत्ता भरा’ केलं. तपासणाऱ्याने तांबडी रेघ मारली: पत्ता माणसाला असतो, यंत्राला क्रमांक. शिवाय त्याच पानावर आयपी, मॅक (यंत्राची कारखान्यातच ठरलेली ओळख) आणि गेटवे (नेटवर्कबाहेर जायची वाट, म्हणजे राउटर) असे तीन ‘ॲड्रेस’ आहेत, आणि चौथा सबनेट मास्क, जो ॲड्रेससारखा दिसतो पण नसतो. सगळ्यांनाच पत्ता म्हटलं तर वाचणारा मास्कच्या जागी मॅक भरून मोकळा होईल. काय म्हणावं?

जुळारी:
‘अंकपत्ता’ म्हणा. पत्ता आहे हे कळतं, अंकांचा आहे हेही कळतं. आणि हात घातलाच आहे तर प्रिंटरला ‘मुद्रक’ करून टाका.

स्लोलोकल:
मुद्रक हा माणूस असतो हो. वर्तमानपत्राच्या तळाशी ‘मुद्रक, प्रकाशक’ अशी बारीक टायपातली ओळ असते, ती १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेली. ‘मुद्रकाचा पत्ता’ वाचलं की छापखाना डोळ्यांपुढे येतो. आणि ‘अंकपत्ता’ वाचून लोक फ्लॅट नंबर लिहितील.

तिसरामजला:
शब्द नंतर ठरवा, आधी मूळ वाक्यातला घोळ बघा. ‘नेटवर्क ॲड्रेस’ला काटेकोर अर्थ आहे, आणि तो प्रिंटरचा आयपी नव्हे.

आयपी म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. घरातले बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. समजा राउटर १९२.१६८.१.१ आणि प्रिंटर १९२.१६८.१.२५. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की पहिले तीन आकडे विभागाचे आणि शेवटचा त्यातल्या एका यंत्राचा. पिनकोडात ४०० म्हणजे मुंबई आणि पुढचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे, तसंच. शहरातल्या शहरात लोक नुसतं ‘दादर, मुंबई २८’ लिहायचे आणि पत्र पोचायचं. घरातल्या घरातही शेवटचा आकडाच काय तो वेगळा. शेवटच्या जागी ० आणि २५५ कोणालाच देत नाहीत. २५५ म्हणजे विभागातल्या सगळ्यांना एकदम हाक. ० म्हणजे त्या विभागाचंच नाव. ‘नेटवर्क ॲड्रेस’ म्हणतात तो हा, १९२.१६८.१.०. तो कोणी प्रामाणिकपणे चौकटीत भरला तर कागदाचं एक पानही बाहेर येणार नाही.

तेव्हा मराठीत काहीही करा, पण ‘नेटवर्कचा पत्ता’ करू नका. ‘प्रिंटरचा आयपी’.

पागोळी:
‘पत्ता’ला विरोध कशासाठी, तेच कळलं नाही. गिरगावातल्या प्रत्येक चाळीत खोली नंबर सात असते. चाळीच्या आत ‘सातमध्ये दे’ म्हटलं की डबा पोचतो. चाळीबाहेर नुसत्या सातला अर्थ नाही. १९२.१६८.१.२५ हा असाच खोली नंबर आहे. लाखो घरांत एकाच वेळी तोच चालू असतो आणि कोणाचं कोणाशी भांडण नाही, कारण १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारी कुळं १९९४ पासून खाजगी वापरासाठीच राखून ठेवली आहेत. मग हा पत्ता नाही तर काय?

जुळारी:
म्हणजे पत्त्याचा तुकडा झाला. पूर्ण पत्ता नव्हे.

स्लोलोकल:
‘क्रमांक’ त्याहून वाईट. क्रमांक म्हणजे क्रमाने आलेला अंक. घरात २५ आहे म्हणजे आधीची चोवीस यंत्रं आहेत असं नाही. ‘संकेतांक’ही सुचवू नका, ओटीपीसाठी तो शब्द आधीच खर्ची पडलाय. आणि ‘संकेत’ म्हटलं की आमच्या पिढीला ‘संकेतस्थळ’ आठवतं, जिथे नायिका वाट बघत उभी असायची. हल्ली तिथे वेबसाइट उभी असते.

पागोळी:
पत्त्यातली खरी अडचण वेगळीच आहे. सरकारी फॉर्मात दोन रकाने असतात, ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’. आपण चर्चा करतोय ती सगळी कायमचा पत्ता धरून. प्रिंटरचा आयपी हा मुळात सध्याचा. राउटर तो ठरावीक मुदतीने भाड्याने देतो. इंग्रजीत त्याला ‘लीज’च म्हणतात, आपल्याकडे आयता ‘भाडेपट्टा’ आहे. आपला लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार असतो, यांचा बऱ्याच घरी चोवीस तासांचा. मुदत निम्मी सरली की यंत्र राउटरकडे नूतनीकरण मागतं. प्रिंटर बंद करून गणपतीला गावाला गेलात की मागणार कोण? करार संपतो, २५ नंबरात नव्या टीव्हीचा संसार थाटलेला असतो, आणि प्रिंटरला परत आल्यावर ३१ मिळतो. कॉम्प्युटर मात्र २५ चंच दार वाजवत बसतो.

‘काल चालत होता, आज ऑफलाइन’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. सूचनापत्रात शब्दापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

स्लोलोकल:
मग नंबर कायमचा राखून ठेवणं म्हणजे पागडी!

पागोळी:
अगदी. राउटरच्या पानावर डीएचसीपीखाली (राउटरची नंबर वाटायची सोय) ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. प्रिंटरचा मॅक तिथे लिहायचा, हवा तो आयपी द्यायचा, प्रिंटर बंद करून चालू करायचा. मालक राउटरच, पण खोली दुसऱ्याला देता येत नाही.

तिसरामजला:
पागडी आवडली. पण त्यात एक खाच आहे. केबलची सोय असलेल्या प्रिंटरला दोन मॅक असतात, एक केबलच्या तोंडाचा, एक वायफायचा. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर बऱ्याचदा केबलवालाच छापलेला असतो. तो राउटरवर लिहिलात तर राखीव खोली रिकामी आणि प्रिंटर दुसरीकडेच. प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्कच्या माहितीचं पान छापून काढा आणि ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ शब्दाखालचा मॅक घ्या. ० ते ९ आणि ए ते एफ यांतलीच बारा अक्षरं. त्यात ओ दिसला तर तो शून्य आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे प्रिंटरवरच आयपी हाताने भरणे, म्हणजे ‘स्टॅटिक’. तेव्हा राउटर ज्या टप्प्यातून नंबर वाटतो त्याच्या बाहेरचा घ्यावा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा. टप्प्याच्या आतला घेतलात तर राउटरला त्याची खबर नसते. तोच नंबर तो उद्या फोनला देऊन बसेल आणि दोघांचे हाल. आणखी एक: इंटरनेटवाला बदलला, नवा राउटर १९२.१६८.२९ च्या कुळातला आला, की हाताने भरलेला प्रिंटर जुन्याच कुळात अडकतो. राखीव असेल तर तो निदान स्वतःहून नवा नंबर मागून घेतो. माझं मत राखीवला.

जुळारी:
मग ठरलं: मॅक म्हणजे ‘जन्मखूण’, गेटवे म्हणजे ‘वेस’, लीज म्हणजे ‘भाडेपट्टा’, स्टॅटिक म्हणजे ‘स्थिर’, रिझर्व्हेशन म्हणजे ‘राखीव’. मराठीत सगळं आहे, फक्त उचलायचं आहे.

स्लोलोकल:
मुंबईत वेस कोणी पाहिलीय? इथे गेटवे म्हणजे १९२४ ची ती कमान आणि खाली एलिफंटाच्या लाँचा. सेटिंगच्या पानावर ‘गेटवे’ असंच लिहिलेलं असतं. तुमची वेस वाचून माणूस पडद्यावर वेस शोधत बसेल. पडद्यावर दिसणारा शब्द सूचनापत्रात तसाच ठेवायला हवा. समजावताना खुशाल वेस म्हणा.

आणि जन्मखूण फोनला लागू नाही. हल्लीचे फोन दर वायफायला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. प्रिंटरपुरतं चालेल.

जुळारी:
पडद्यावरचा शब्द तसाच ठेवायचा तर भाषांतर कशाला? सोळा चित्रं काढा आणि बाण मारा.

तिसरामजला:
साठीपुढच्या वाचकाला खरं तर तेच जास्त उपयोगी.

जुळारी:
बरं, निदान ‘ऑफलाइन’साठी तरी मराठीत तयार शब्द आहे, आणि तोही पत्त्यातूनच आलेला: बेपत्ता. ‘तुमचा प्रिंटर बेपत्ता आहे.’ थांगपत्ता, पत्ता लागणे, पत्ता कापणे, ही सगळी बिऱ्हाडं या शब्दाच्याच वाड्यात. मला वाटतं पत्ता म्हणजे मुळात ठावठिकाणा, खूण. टपालाचा अर्थ मागाहून चिकटला असावा. म्हणून यंत्रालाही पत्ता चालतो.

पागोळी:
पत्ता कापणे हे खेळातल्या पत्त्यावरून. तो पत्ता पानातून, म्हणजे पत्रातून आलेला. दोन वेगळे शब्द एका वाड्यात कोंबू नका.

जुळारी:
पत्र टपालाचंही असतं. इतकं छातीठोक वेगळं म्हणू नका.

तिसरामजला:
‘बेपत्ता’ने अर्थ बिघडतो. ऑफलाइन दिसणारा प्रिंटर पुष्कळदा जागेवर, चालू आणि वायफायला जोडलेला असतो. तपासायची रीत सोपी आहे. त्याच वायफायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाका. शाईची पातळी दाखवणारं प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं तर प्रिंटर धडधाकट, दोष कॉम्प्युटरमध्ये. सर्टिफिकेटबद्दल इशारा आला तर घाबरू नका, आकडा आपल्या प्रिंटरचाच आहे ना एवढं बघा. मग विंडोजमध्ये ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’, तिथे ‘पोर्ट्स’. जुना नंबर दिसेल. ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, नवा नंबर. तरीही ऑफलाइन दाखवत असेल तर त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची खबर विचारायची सोय) खूण काढा. त्या चौकशीला प्रिंटरने उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला परस्पर ऑफलाइन ठरवतं.

छापलेल्या पानावर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी असेल तर गोष्ट वेगळी. राउटरकडून नंबर मिळालाच नाही, म्हणून प्रिंटरने स्वतःच एक घेतलाय. फूटपाथवर पथारी टाकल्यासारखं. तो नंबर कॉम्प्युटरमध्ये भरून काही होत नाही. पासवर्ड पुन्हा भरा, राउटर बंद करून चालू करा. चारही शून्यं असतील तर प्रिंटर वायफायला जोडलेलाच नाही.

स्लोलोकल:
‘बेपत्ता’ शोभेल तर या १६९ वाल्याला.

अनुस्वार:
बरंच हाती लागलं, पण नवा प्रश्न. फोनवरून सांगताना ‘टिंब’ म्हणायचं की ‘डॉट’? आणि काही प्रिंटरांच्या पॅनलवर १९२.१६८.००१.०१० असं दिसतं, ते तसंच भरायला सांगू?

तिसरामजला:
अजिबात नाही! पुढची शून्यं गाळा. आकड्याआधी शून्य आलं की पुष्कळ प्रोग्रॅम तो आठाच्या पायावरचा आकडा समजतात. ०१० चा होतो ८, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत. ००१ मात्र १ च राहतो, म्हणून चूक नेहमी दिसत नाही. ०२५ चे होतात २१.

पागोळी:
आणि इथे आपण १९२ देवनागरीत लिहितोय ते वाचायला ठीक. फोनचा मराठी कीबोर्ड चालू असताना देवनागरी अंक पडले तर ब्राउझर त्याला आयपी समजत नाही, सरळ शोध घ्यायला धावतो. सूचनापत्रात आकडे इंग्रजीच छापा.

जुळारी:
मराठी सूचनापत्रात इंग्रजी आकडे! आता काय उरलं?

पागोळी:
प्रिंट उरली.

स्लोलोकल:
‘टिंब’. ‘डॉट’ म्हटलं की काही जण पुढे ‘कॉम’ लावतात.

अनुस्वार:
मसुदा असा करतोय: “प्रिंटरचा आयपी (घरातला त्याचा सध्याचा पत्ता) माहितीच्या पानावर बघा.” चालेल?

तिसरामजला:
चालेल. फक्त त्याआधी एक ओळ घाला, की प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर यंत्रांना सहसा एकमेकांशी बोलू देत नाहीत. राउटरला आणखी एक राउटर जोडला असेल तर दोघांची कुळं वेगळी होतात, एक यंत्र १९२.१६८.१.२५ आणि दुसरं १९२.१६८.०.१२, मग दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ (नंबर न वाटता नुसतं वायफाय पसरवणारा) करावं लागतं. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात, ५ नाही. लॅपटॉप त्याच राउटरच्या ५ वर असला तरी बिघडत नाही, नेटवर्क एकच.

जुळारी:
‘वायफाय पकडतात’ की ‘वायफायला लागतात’?

स्लोलोकल:
आमच्याकडे वायफाय ‘लागतं’, रेंज ‘पकडते’. प्रिंट ‘मारतात’ की ‘काढतात’, ते मात्र अजून कोणी विचारलं नाही.

पागोळी:
झेरॉक्स मारतात, प्रिंट काढतात.

जुळारी:
दोन्ही चूक. प्रत काढतात.

अनुस्वार:
आणि आयपी ‘बदलला’, ‘बदलली’ की ‘बदललं’? तपासणाऱ्याने आत्ताच त्याखालीही रेघ मारलीय.