मदत हवी आहे: अमेरिकेतल्या रेसिडेन्सी (डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण) मुलाखतीनंतर प्रोग्रॅमला, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलच्या विभागाला, काय लिहावं, काय लिहू नये?

जाईजुई
इंटर्नल मेडिसिन, यंदाचा मॅच (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवणारी प्रक्रिया). ११ मुलाखती झाल्या, १ बाकी. एमबीबीएस महाराष्ट्रातून, जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसा लागेल.
एका प्रोग्रॅमकडून मेल आला, "आम्ही तुम्हाला आमच्या यादीत बरंच वर ठेवणार आहोत." दुसरीकडून फोनवर विचारणा झाली, आणखी कुठे कुठे मुलाखती दिल्यात? काय उत्तर द्यावं सुचलं नाही. आभाराचे मेल सगळ्यांना पाठवायचे का? आणि लेटर ऑफ इंटेंट (तुम्हालाच पहिली पसंती देणार असं कळवणारं पत्र) दोघांना पाठवलं तर चालतं का?

स्टेथो
आधी फोनचं, कारण ते गंभीर आहे. आणखी कुठे मुलाखती दिल्या, कोणाला कितवा क्रमांक देणार, हे उमेदवाराला विचारायला एनआरएमपीच्या (मॅच चालवणारी संस्था) नियमांत प्रोग्रॅमला मनाई आहे. सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. पुन्हा विचारलं तर शांतपणे म्हणा, "यादी मी माझ्यापुरतीच ठेवते आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मला मनापासून रस आहे." फोनची तारीख, वेळ आणि नेमके शब्द आजच लिहून ठेवा. एनआरएमपीकडे तक्रार करता येते, तेव्हा हीच नोंद लागते.

"वर ठेवणार" हा मेल नियमात बसतो. स्वतःहून कळवायला दोन्ही बाजूंना मोकळीक आहे. पण ते वचन नव्हे, आणि "बरंच वर" म्हणजे कितवा हे कोणी सांगत नाही. त्या मेलपायी तुमच्या यादीतला एकही क्रमांक हलवू नका.

उत्तररात्र
आभाराचा मेल २४ ते ४८ तासांत, चार-सहा ओळींचा. विषयाच्या ओळीत नाव आणि एएएमसी आयडी (अर्जदाराचा ओळख क्रमांक). मुलाखतीत झालेल्या बोलण्यातला एखादा नेमका धागा घ्या, उदा. तिथलं कंटिन्युइटी क्लिनिक (रेसिडेंट तेच रुग्ण नियमित तपासतो ते बाह्यरुग्ण क्लिनिक). एकच मसुदा सगळीकडे चिकटवताना आधीच्या हॉस्पिटलचं नाव तसंच राहतं. ही चूक फार होते, आणि वाचणाऱ्याच्या ती नेमकी लक्षात राहते. मुलाखतीनंतर संपर्क नको असं ज्यांनी सांगितलंय, त्यांना काहीच पाठवू नका.

लेटर ऑफ इंटेंट एकालाच. "मी तुम्हाला पहिल्या क्रमांकावर ठेवणार" हे वाक्य दोन ठिकाणी लिहिणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. बाकीच्यांना आवड कळवायची असेल तर क्रमांकाचा उल्लेख न करता लिहा. पत्र प्रोग्रॅम डायरेक्टरच्या नावे, कोऑर्डिनेटरला प्रत. प्रोग्रॅमची यादी ठरवायची बैठक होऊन गेल्यावर पोचलेल्या पत्राचा उपयोग नाही, म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाठवा.

व्हिसाचा प्रश्न मात्र कोऑर्डिनेटरला बेधडक विचारा. जे-१ चालतो का, हे यादी लावण्याआधी लेखी हातात असलं पाहिजे.

जाईजुई
दोघांचेही आभार. एक शंका उरली. ज्यांनी मेल पाठवला त्यांना पहिलं न ठेवता जास्त अवघड प्रोग्रॅम पहिला ठेवला, तर हातचं जाईल ना?

स्टेथो
नाही जात. १९९८ पासून वापरात असलेला अल्गोरिदम उमेदवाराच्या यादीवरून सुरू होतो. तो तुम्हाला आधी तुमच्या पहिल्या प्रोग्रॅमवर बसवून बघतो. तिथे जागा मिळाली नाही की दुसऱ्यावर, आणि तिथे तुम्ही जणू तेच पहिलं असल्यासारख्याच तोलल्या जाता. त्या प्रोग्रॅमने आधी कोणाला तात्पुरतं घेतलं असेल आणि त्याच्या यादीत तुम्ही वर असाल, तर तो उमेदवार बाहेर पडतो आणि जागा तुम्हाला मिळते. म्हणून वर अवघड नाव लिहिल्याने खालचं काहीच निसटत नाही. नुकसान होतं ते उलट केलं तर: "ते घेतील" या अंदाजाने नावडतं नाव वर चढवलं, की तिथेच मॅच होऊ शकतो, आणि मॅच बंधनकारक असतो. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालूच नका.

उत्तररात्र
मूळ शुल्कात २० प्रोग्रॅम बसतात, तुमचे १२ आरामात मावतील. यादी देण्याची मुदत पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री ९ ला संपते, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३०. २०२५ मध्ये ती ५ मार्चला होती, यंदाची एनआरएमपीच्या साइटवर बघून घ्या. यादी नुसती सेव्ह करून भागत नाही, सर्टिफाय (अधिकृतपणे पक्की) करावी लागते, आणि नंतर एक क्रमांक जरी बदलला तरी पुन्हा सर्टिफाय. शेवटच्या तासावर ठेवू नका.