देवावर भरवसा की वजनदार माणसावर? रोजच्या वाचनाला कुठले अध्याय घेऊ?

पहाटेची_वही:
नमस्कार सगळ्यांना. रोज सकाळी बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतेय, ३० आणि ३१ वर आले आणि चार दिवस तिथेच अडकलेय. अश्शूर या बलाढ्य साम्राज्याच्या भीतीने यहूदाच्या राज्यातले लोक मिसराकडे, म्हणजे इजिप्तकडे, मदत मागायला निघालेत, गाढवांवर उंटांवर धन लादून, आणि देवाचं म्हणणं एवढंच की बेत केलात पण मला विचारलं नाहीत. हे वाचून रडूच आलं कारण माझंही तेच चाललंय. ऑफिसमधले एक वरचे साहेब म्हणतात आमच्या बाजूला ये, प्रमोशनचं मी बघतो, फक्त एका सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीवर सही कर. तक्रार खोटी आहे, मला माहितीये. सही केली नाहीये अजून पण नाही पण म्हटलेलं नाही. या विषयावर अजून कुठले भाग वाचू? आणि देवावर भरवसा म्हणजे माणसांची मदत घ्यायचीच नाही का?

जुना_वाचक:
ताई, २ इतिहास या पुस्तकातले १४ ते १६ वाचा, यहूदाच्या आसा राजाचे तीन अध्याय. सलग वाचा, तुटक नको, कारण खरी गोष्ट त्या तिन्हींच्या मधे आहे. १४ मधे कूश देशाचा जेरह दहा लाखांचं सैन्य आणि ३०० रथ घेऊन येतो, आसा देवाला हाक मारतो आणि जिंकतो. मग कित्येक वर्षं शांतता. आणि १६ मधे इस्राएलचा राजा बाशा नुसतं रामा हे गाव तटबंदी बांधून रस्ता अडवतो, तर हाच आसा मंदिरातलं सोनंचांदी काढून शेजारच्या अरामाचा राजा बेन-हदाद याला मदतीसाठी पाठवतो! केवढ्या मोठ्या संकटात टिकलेला माणूस केवढ्याशा अडचणीत घसरला. मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारी गोष्ट पुढची आहे, तो करार यशस्वी झाला. बाशाने काम सोडलं, आसाने त्याचेच दगड आणि लाकडं उचलून आणून गेबा आणि मिस्पा ही आपली गावं बांधली. बाहेरून बघणारा म्हणाला असता काय हुशार राजा! आणि नेमका तेव्हाच हनानी द्रष्टा येऊन सांगतो की तू मूर्खपणा केलास, आणि आसा त्यालाच तुरुंगात टाकतो. म्हणून काम झालं म्हणजे देवाची संमती होती असं धरू नका. तुमच्या साहेबांचा शब्द खरा निघेलही, प्रमोशन मिळेलही, प्रश्न तो नाहीच.

दोन_मिनिटं_शांत:
आसाबद्दल अगदी बरोबर. त्याला जोडून २ राजे १६ आणि १८ पण वाच गं. यहूदाचा पुढचा एक राजा आहाज, त्याने अश्शूरच्या राजाला भेट पाठवली ती परमेश्वराच्या मंदिरातून आणि राजवाड्यातून काढून, नंतर राजा हिज्कीयानेही अश्शूरचा राजा सन्हेरीबला ३०० किक्कार (तेव्हाचं मोठं वजनाचं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं दिलं, मंदिराच्या दारांवरचं सोनं सुद्धा खरवडलं. तीन राजे आणि तिघांनी हात घातला तो मंदिरातच. मी वहीत लिहून ठेवलंय, माणसाचा आधार विकत घ्यायला निघाले की आधी देवाचं काय काढून देते ते बघायचं. तुझ्या बाबतीत ती सही आहे, म्हणजे तुझा खरेपणा.
आणि एवढं देऊनही सन्हेरीबचं सैन्य आलंच ना! इ.स.पू. ७०१ ची गोष्ट. सन्हेरीबच्या स्वतःच्या शिलालेखात ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला असं आहे, पण यरुशलेम घेतलं असं तोही म्हणत नाही. मधे काय झालं ते यशया ३७ मधे वाच, हिज्कीया धमकीचं पत्र घेऊन मंदिरात जातो आणि देवापुढे पसरतो. आधी चुकलेला माणूसच जातो हं, हे विसरू नकोस.

प्रवासी_वाचक:
दुसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मदत घ्यायचीच नाही असं शास्त्रात नाहीये. नहेम्या २ मधे यरुशलेमचा तट बांधायला निघालेला नहेम्या पारसाच्या राजाकडून पत्रं मागतो, लाकूड मागतो, घोडेस्वारही बरोबर येतात, पण राजाने विचारल्यावर तोंड उघडायच्या आधी तो प्रार्थना करतो. उलट एज्रा ८ मधे यरुशलेमला लोक घेऊन निघालेल्या एज्रा या याजकाला सैनिक मागायची लाज वाटते, कारण देव आमचा सांभाळ करतो असं राजाला सांगून बसलेला असतो, तर तो उपास करून तसाच निघतो. दोघंही बरोबर. म्हणजे मदत घेतली की नाही यापेक्षा आधी कोणाला विचारलं ते बघायचं. यहोशवा ९ पण वाचा, शेजारचेच गिबोनी लोक लांबून आल्याचं सोंग करून तह मागायला आले, तेव्हा इस्राएलांनी त्यांच्या शिळ्या भाकरी तपासल्या पण परमेश्वराला विचारलं नाही.

पहाटेची_वही:
खूप आभार सगळ्यांचे. आसाचे तीन अध्याय काल रात्रीच वाचले, तो यशस्वी झाला हे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. मी मनात हेच धरून बसले होते की देव मला अडवेल तर समजेन. अजून एक विचारते, साहेबांना उत्तर शुक्रवारी द्यायचंय, तोवर रोज नवं वाचू का तेच परत?

दोन_मिनिटं_शांत:
तेच परत. यशया ३१ नऊच वचनांचा आहे, मोठ्याने वाच, मिसरी लोक माणसं आहेत, देव नव्हेत, तिथे थांब आणि साहेबांचं नाव घेऊन प्रार्थना कर, त्यांच्यासाठी सुद्धा. आणि तो सहकारी, त्याला हे कळलंय का?

पहाटेची_वही:
नाही. आज सांगते त्याला.