विषय: टू-फॅमिली की ट्रिपल-डेकर? मॉल्डन, मेडफर्ड, ईस्ट आर्लिंग्टन की वुस्टर?

प्रेषक: केदार, वॉल्थम

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या दिवशी जेवणाच्या रांगेत दोघा-तिघांशी ओझरतं बोलणं झालं होतं, ते आता सविस्तर लिहितो. आम्ही वॉल्थमला भाड्याने राहतो. मी आणि बायको दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, लेक दोन वर्षांची. बॉस्टनच्या आसपास स्वतंत्र घर घेणं आवाक्याबाहेर आहे. म्हणून टू-फॅमिली (दोन कुटुंबांचं घर) किंवा ट्रिपल-डेकर (एकावर एक तीन बिऱ्हाडांचं लाकडी घर) घ्यावं, एका मजल्यावर आपण राहावं आणि बाकीच्या मजल्यांच्या भाड्यातून हप्त्याचा मोठा भाग काढावा, असं चाललंय. यूट्यूबवर याला हाउस हॅकिंग म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणाली, आमचे पेठेतले घरमालक काय वेगळं करत होते?

यादीत मॉल्डन, मेडफर्ड, ईस्ट आर्लिंग्टन आणि वुस्टर. मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला केंब्रिजच्या केंडल स्क्वेअरला जावं लागतं, बायको घरून काम करते. एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं, साडेतीन टक्के डाऊन पेमेंटवालं (सुरुवातीला स्वतः भरायची रक्कम) कर्ज घ्यायचा विचार आहे. गाव कसं ठरवावं?

केदार

---

प्रेषक: श्रीकांत, मेडफर्ड

केदार,

गावाआधी कर्जाचं बघ, त्याने अर्धी यादी आपोआप गळेल. एफएचए तुम्हाला मिळणार नाही. २५ मे २०२५ पासून कायम रहिवासी नसलेल्यांना, म्हणजे एच-वन-बीवाल्यांनाही, ते बंद झालं. यूट्यूबवरचे व्हिडिओ त्याआधीचे असतील. आणि मिळालं असतं तरी ट्रिपल-डेकरला अडलंच असतं. तीन-चार युनिटच्या घराला एफएचएची अट असते की सगळ्या मजल्यांच्या (तुझा मजलाही धरून) अपेक्षित भाड्याच्या ७५ टक्क्यांत हप्ता, कर आणि विमा सगळं बसलं पाहिजे. समज घर नऊ लाख डॉलरचं आणि तीन मजल्यांचं मिळून भाडं ८,४०० डॉलर. त्याचे ७५ टक्के ६,३००. साडेसहा टक्क्यांनी ८ लाख ७० हजारांच्या कर्जाचा नुसता हप्ताच ५,५०० च्या घरात. त्यावर प्रॉपर्टी टॅक्स, घराचा विमा आणि कर्जाचा विमा चढवून बघ. आमच्या पट्ट्यात हे गणित क्वचितच सुटतं.

तुम्हाला वाट आहे ती फॅनी मे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) हिच्या नियमांतल्या कर्जाची. नोव्हेंबर २०२३ पासून मालक स्वतः राहणार असेल तर दोन ते चार युनिटच्या घराला पाच टक्के डाऊन पेमेंट चालतं. त्याआधी याच घरांना १५ ते २५ टक्के मागायचे. एच-वन-बी चालतो. ती ७५ टक्क्यांची अटही नाही, पण तुमचा पगार मात्र नीट तपासतात.

आता गावाचं. माझ्या मते आधी भाडेकरू कोण असेल ते ठरवावं, मग गल्ली, आणि गावाचं नाव सगळ्यात शेवटी. मॉल्डनमधली दोन घरं घे. एक ओक ग्रोव्ह स्टेशनपासून सात मिनिटं चालत, दुसरं गाडी काढल्याशिवाय जिथून कुठेच जाता येत नाही असं. किमतीतला फरक त्या मानाने थोडा असतो. पण पहिल्याला नर्स, लॅबमध्ये काम करणारी मुलं, डाऊनटाऊनला जाणारं नवं जोडपं, असे गाडी नसलेले भाडेकरू मिळतात. दुसऱ्या घरात तीन कुटुंबांच्या पाच गाड्या आणि अंगणात जागा दोन. जानेवारीत बर्फ पडला की वर्षभराचा शेजारधर्म त्या दोन जागांवर संपतो.

मेडफर्डबद्दल मी पक्षपाती आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ग्रीन लाईन ही शहरी ट्रेन टफ्ट्स विद्यापीठापर्यंत आली, पण विकणाऱ्यांनी ती त्याच्या कितीतरी आधीपासून भावात धरली होती. आता तिथे घेणारा ट्रेनचे पैसे पूर्ण मोजून घेतो. टफ्ट्सच्या जवळ बहुतेक लीज (भाडेकरार) १ सप्टेंबरला सुरू होतात. ऑक्टोबरात व्यवहार झाला आणि वरचा मजला रिकामा असला तर तो हिवाळाभर रिकामा राहण्याची तयारी ठेवायची. ओक ग्रोव्ह किंवा वेलिंग्टनकडे हे सप्टेंबरचं भूत इतकं मानगुटीवर बसत नाही.

अजून एक, कोणी सांगत नाही ते. वायव्येचा वारा असला की लोगन विमानतळाची विमानं ३३-एल धावपट्टीवरून उडून समरव्हिल-मेडफर्डच्या डोक्यावरून जातात. ओपन हाउसच्या (घर सगळ्यांना बघायला खुलं असतं त्या) दुपारी वारा दुसरीकडचा असला तर पत्ताही लागत नाही. तसा वारा असेल त्या सकाळी सहाला जाऊन त्या गल्लीत उभा राहा.

ईस्ट आर्लिंग्टन उत्तम आहे. शाळा चांगल्या, एलवाइफ स्टेशन जवळ, गल्लीच्या गल्ल्या टू-फॅमिलींच्या. पण भाव दहा लाखांच्या बराच वर आणि भाडं त्या प्रमाणात नाही. तिथे भाडेकरू तुझ्या हप्त्याला हातभार लावेल, उचलून धरणार नाही.

वुस्टर मी काढून टाकलं असतं. बॉस्टनच्या साऊथ स्टेशनपर्यंत ट्रेनला दीड तास, पुढे केंडलला रेड लाईन मेट्रो. आठवड्यातून तीनदा करून बघ.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: मेधा, वुस्टर

काका, वुस्टर एका ओळीत निकालात काढलंत!

केदार, हे न्यू इंग्लंडमधलं लोकसंख्येने दुसरं मोठं शहर आहे आणि ट्रिपल-डेकर इथे रांगेने उभे आहेत, गिरण्यांच्या कामगारांसाठी बांधलेले. भाडेकरू कोण म्हणाल तर यूमास मेडिकलचे रेसिडेंट डॉक्टर, डब्ल्यूपीआय आणि क्लार्क या विद्यापीठांचे पदवीचे विद्यार्थी, हॉस्पिटलचे कर्मचारी. बॉस्टनची नोकरी गेली म्हणून आमचे भाडेकरू जात नाहीत. खरेदीची किंमत कमी असल्यामुळे भाड्याचं गणित इथे जमतं, आणि श्रुसबरी-वेस्टबरोची आपली मंडळी पंधरा-वीस मिनिटांवर. पण तीन दिवस केंडल असेल तर काकांचं म्हणणं बरोबर आहे. दोन दिवस असते तर मी भांडले असते.

मला वेगळंच सांगायचं आहे. लेक दोन वर्षांची आहे ना? मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल आणि रंगात शिसं असेल तर ते काढणं किंवा नियमाप्रमाणे झाकणं मालकाची जबाबदारी आहे. मूल मालकाचं असलं तरी. ही घरं बहुतेक १८८० ते १९३० मधली, त्यामुळे शिसं आहेच असं धरून चाल. वरच्या मजल्यावर लहान मूल असलेलं कुटुंब आलं तर तोच नियम, आणि तीन कुटुंबांच्या घरात मूल आहे म्हणून त्यांना नाकारणं बेकायदेशीर आहे. शिसं पूर्ण काढलं की एका युनिटमागे ३,००० डॉलरपर्यंत राज्याच्या करात सूट मिळते, पण खर्च त्यापेक्षा पुष्कळ जास्त होऊ शकतो. त्यामुळे आधीच शिसं काढल्याचं पत्र असलेलं घर तीस-चाळीस हजार महाग असलं तरी मी तेच बघेन. दोन गल्ल्यांमध्ये अडलास तर यावर ठरव.

मजला तळाचाच घे. लाकडी घर आहे, तुझी लेक पळेल तेव्हा खाली कोणी नसलेलं बरं. वरच्यांची पावलं तुम्हाला ऐकू येतील, ते सोसायचं.

मेधा

---

प्रेषक: केदार, वॉल्थम

काका, मेधाताई, खूप आभार. एफएचएचं माहीतच नव्हतं, लेंडरनेही काढलं नव्हतं.

वुस्टर आणि टफ्ट्सच्या आसपासचं मेडफर्ड काढलं. आता दोनच. एक ओक ग्रोव्हजवळचं ट्रिपल-डेकर, खालचा मजला रिकामा, वरचे दोन भाडेकरू लीजशिवाय महिना-महिना राहणारे, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी. दुसरं ईस्ट आर्लिंग्टनमधलं टू-फॅमिली, पूर्ण रिकामं, शिसं काढल्याचं पत्र आहे, पण किंमत बरीच जास्त. बायकोचं मन शाळेमुळे आर्लिंग्टनकडे. मला आकडे मॉल्डनकडे ओढतात. शाळेला तीन वर्षं आहेत, हा माझा मुद्दा. तोवर राहून पुढे हलता येईल ना? कर्जाची अट एक वर्ष राहण्याची आहे असं लेंडर म्हणाला.

केदार

---

प्रेषक: श्रीकांत, मेडफर्ड

हलता येईल. पण आज पाच टक्क्यांत घेतलंस तर तीन वर्षांनी दुसऱ्या डाऊन पेमेंटचे पैसे कुठून येणार ते आजच बायकोसमोर कागदावर मांड. तिचा शाळेचा मुद्दा आणि तुझा आकड्यांचा मुद्दा तिथेच एकत्र येतात. आकडा जमत नसेल तर आर्लिंग्टन महाग नाही, दोन वेळा घर घेण्यापेक्षा स्वस्त आहे.

मॉल्डनचं बघणार असशील तर कमी भाड्याला भुलू नकोस. महिन्याच्या भाडेकरूला ३० दिवसांची किंवा भाड्याच्या एका पूर्ण महिन्याची, यातली जी जास्त ती नोटीस लागते, आणि तो हलला नाही तर हाउसिंग कोर्ट. तू भाडं एकदम बाजाराइतकं वाढवलंस तर त्याच घरात त्याच जिन्यावर रोज त्याचं तोंड बघायचं आहे. घर घेतलंस म्हणजे शेजारही घेतलास. आजच्याच भाड्यावर हप्ता सोसतो का बघ, वाढीव भाडं हिशेबात धरू नकोस.

विकणाऱ्याने भाडेकरूंकडून डिपॉझिट घेतलं आहे का, हे लेखी माग. इथल्या कायद्याने ते वेगळ्या व्याजाच्या खात्यात असावं लागतं, आणि त्याने तुझ्या हवाली केलं नाही तरी भाडेकरूला परत देण्याची जबाबदारी तुझ्यावर येते. चुकलं तर तिप्पट भरपाई. आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ब्रोकर ज्याने नेमला त्यानेच त्याची फी भरायची, म्हणून पुढचा भाडेकरू शोधायचा खर्च तुझ्या बाजूला धर.

तळघरात विजेचे मीटर किती आहेत ते मोज. तीन मजल्यांना तीन आणि जिन्याच्या दिव्यांसाठी चौथा, हे चांगलं लक्षण. तेलाची टाकी एकच असेल तर हीटिंगचा खर्च तुझाच. चिनी मातीच्या खुंट्यांवरून गेलेल्या जुन्या तारा दिसल्या तर ऑफर द्यायच्या आत विम्यावाल्याला फोन कर. त्या चालू असतील तर ऊर्जाबचतीच्या मास सेव्ह योजनेवालेही भिंतीत इन्सुलेशन भरत नाहीत. भाड्याचं उत्पन्न एच-वन-बीवर चालतं, पण घराची कामं स्वतः किती करायची ते इमिग्रेशन वकिलाला विचारून घे.

रविवारचं ओपन हाउस किती वाजता आहे ते कळव, मी येतो. टॉर्च आणीन. तळघर उघडं ठेवायला एजंटला आधीच सांग, नाहीतर किल्ली सापडत नाही म्हणतात.

श्रीकांतकाका