एझर वाइझमन: मतपरिवर्तन की कोलांटउडी?

टेकडीवरचा
बाजू बदलणारा दिसला की आपण लगेच 'आयाराम गयाराम' म्हणून मोकळे होतो. म्हणून हा माणूस चर्चेला घेतोय. इस्राएलचे पहिले अध्यक्ष खाइम वाइझमन यांचा पुतण्या, १९५८ ते १९६६ हवाई दलाचा प्रमुख. जून १९६७च्या युद्धात इजिप्तची विमानं जमिनीवरच काही तासांत खाक झाली, ती तयारी मुख्यतः याची. नंतर उजवे नेते बेगिन यांच्या गोटात, १९७७च्या विजयात त्यांच्या लिकुड पक्षाचा प्रचारप्रमुख आणि मग बेगिन पंतप्रधान झाल्यावर संरक्षणमंत्री. जिंकलेली भूमी सोडायची नाही, हा त्याचा बाणा.

मग इजिप्तचे अध्यक्ष सादात भेटले, आणि अमेरिकेत कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींत (१९७८) इजिप्तकडून जिंकलेला सिनाई परत देऊन तह करा म्हणून हाच मागे लागला. मे १९८०मध्ये मंत्रिपद सोडलं, नोव्हेंबरात आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं, पक्षाने हाकललं. खुर्चीसाठी फिरणारे पायलीला पन्नास, हा खुर्ची सोडून फिरला.

खडूस_काका
फार गोड चित्र रंगवलंत. बेगिनशी त्याचं १९७२मध्येच फाटलं होतं. तेव्हाही बाहेर पडला, चार वर्षांनी परत आला. तेव्हा कुठली शांतता आडवी आली होती? १९८०च्या राजीनाम्याचं जाहीर कारणही संरक्षण खर्चातली कपात. मार्च १९७८मध्ये लेबनॉनमध्ये फौज घुसली, तेव्हा संरक्षणमंत्री कोण? हाच. १९८४ला 'याहाद' नावाचा पक्ष काढला, तीन जागा आल्या, दोन्ही मोठे पक्ष टेकूच्या शोधात. गेला मजूर पक्षाच्या पेरेसकडे, झाला मंत्री. याला आपल्याकडे काय म्हणतात ते लिहू का?

अश्दोदकर
शालोम मंडळी. आमचं मूळ अलिबागकडचं, बाबा साठच्या दशकात इकडे इस्राएलला आले, कट्टर बेगिनभक्त. नोव्हेंबर १९७७मध्ये सादात येणार, त्याच्या आधी एझरला मोटारीचा अपघात झालेला. तरी काठी घेऊन आला आणि तीच काठी उंचावून सादातना सलामी दिली. बाबा ती काठी आम्हाला वर्षानुवर्षं करून दाखवायचे, लाटणं हातात घेऊन.

काका, एक विसरलात. त्याच्या मुलाच्या, शाऊलच्या, डोक्यात सुएझ कालव्यावर इजिप्शियन नेमबाजाची गोळी लागली होती. पोरगा पुढे कधी पूर्ण सावरला नाही. ज्या देशाच्या सैनिकाने हे केलं, त्याच्या अध्यक्षाशी याची गट्टी जमली. सादात त्याला 'एझ्रा' म्हणायचे. हा हिशेब जागांच्या गणितात बसत नाही.

रानजाई
मला तो या तिन्ही चित्रांत दिसत नाही. पुढे हा स्वतः इस्राएलचा अध्यक्ष असताना अ‍ॅलिस मिलर नावाची मुलगी वैमानिक प्रशिक्षणासाठी भांडत होती. हा तिला काय म्हणाला? बाई, मोजे विणणारा पुरुष पाहिलायस का कधी! १९९५मध्ये न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. शत्रूबद्दल मत बदललं, बायकांबद्दल नाही. माणूस अख्खा कुठे बदलतो?

टेकडीवरचा
रानजाई, हे बिनशर्त मान्य. खडूसकाका, तुमचं अर्धं मान्य. पण १९८६पासून पीएलओशी (पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेशी) संबंध ठेवणं कायद्याने गुन्हा होतं. तरी त्यांच्याशी संपर्क ठेवल्यावरून पंतप्रधान शामिरनी १९९०च्या सुरुवातीला त्याला आतल्या मंत्रिमंडळातून काढलं. संधिसाधू माणूस असली संधी साधत नाही हो.

खडूस_काका
आणि पुढे? जानेवारी १९९५मध्ये इस्राएलात बेत लिदला स्फोट झाल्यावर हाच अध्यक्ष म्हणाला, पीएलओशी बोलणी थांबवा. ऑक्टोबर १९९६मध्ये त्याच पीएलओचे प्रमुख अराफत याच्या सिझेरियाच्या घरी जेवायला. भारतात आलेला पहिला इस्राएली अध्यक्षही तोच, त्याच वर्षअखेरीस. तरुणपणी ब्रिटिश हवाई दलातून आला होता म्हणे, तेव्हा पाहुणचार जुना. २०००मध्ये पैसे घेतल्याच्या प्रकरणात पायउतार. वैमानिकच तो, वारा बघून उडायचा.

टेकडीवरचा
वैमानिक वाऱ्याविरुद्ध तोंड करून उतरतो, काका. :)

अश्दोदकर
घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे जेवताना याच्यावरून बाबा आणि मामाची जुंपायची. बाबा म्हणायचे, फितूर झाला. ते गेल्यावर आईने सांगितलं, १९८४ला बाबांनी मत 'याहाद'ला दिलं होतं आणि तिला गप्प राहायला बजावलं होतं. तुम्ही हिणवता त्या तीन जागांत आमच्या घरचंही एक मत होतं.

खडूस_काका
म्हणजे फिरणारे दोन निघाले. तुमच्या बाबांनी निदान मंत्रिपद तरी मागितलं नाही.