‘विचार बदला, गोळ्या सुटतील’ म्हणणाऱ्यांना

रानजाई
परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. ‘डिप्रेशन हा आजार नाही, नकारात्मक विचारांची सवय आहे. रोज सकाळी तीन चांगल्या गोष्टी लिहा. मन तुमचं, ताबा तुमचा. गोळ्या म्हणजे कुबड्या.’ खाली सगळ्यांनी हात जोडले होते, त्यात माझा सख्खा मामा. त्याला फोनवर सांगायला गेले तर माझाच आवाज चढला, म्हणून इथे लिहितेय.

मी शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी माझं डिप्रेशन सुरू झालं ते विचारांतून नाही, डोळ्यांतून. स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की सगळे चेहरे माझ्यावर चिडलेले दिसायचे. दिसायचे, असंच म्हणतेय मी. तसा विचार मी करत नव्हते. पिवळ्या काचेच्या चष्म्यातून पिवळं दिसतं तेव्हा माणूस पिवळा विचार करत असतो का? मुख्याध्यापिका बाई ‘हजेरीपट द्या’ म्हणाल्या की मला त्यात ‘तुम्ही अजून दिला नाहीत, तुम्हाला काही जमत नाही’ एवढं सगळं ऐकू यायचं. वर्गातल्या एका मुलीने वाढदिवसाचं चॉकलेट दिलं ते संध्याकाळी आठवायचं नाही. तिच्या शेजारची जांभई द्यायची ती रात्रभर आठवायची.

गोळी सुरू केल्यावर नवव्या-दहाव्या दिवसाची गोष्ट. रडणं तेवढंच, भूक नाही, अंघोळीला उठवत नव्हतं. सकाळी दार उघडलं, दूधवाल्याने पिशवी हातात कोंबली आणि काही न बोलता जिना उतरला. आदल्या आठवड्यात मला वाटलं असतं, हाही आपल्याला कंटाळला. त्या दिवशी दिसलं की त्याच्या कॅरेटमध्ये अजून वीसेक पिशव्या आहेत आणि तो घाईत आहे. बस, एवढंच. मन जड ते जडच होतं, पण समोरचा माणूस जसा आहे तसा दिसला.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे मोजलं गेलंय. ऑक्सफर्डच्या कॅथरिन हार्मर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डिप्रेशनच्या काही रुग्णांना रिबॉक्सेटिन या डिप्रेशनवरच्या औषधाचा एकच डोस दिला, काहींना औषध नसलेली गोळी. मग चेहऱ्यांचे फोटो दाखवले, स्वभावाचे बरेवाईट शब्द दाखवून त्यांतले किती लक्षात राहिले ते विचारलं. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांना आनंदी चेहरे ओळखणं जड गेलं, चांगले शब्द कमी आठवले. औषधवाल्यांमध्ये ही तूट एकाच डोसात भरून निघाली. मूड मात्र कुणाचाच हलला नव्हता. म्हणजे त्यांच्या मते गोळी थेट मूड वर उचलत नाही, आत काय शिरतं त्याची चाळण बदलते. मग रोजच्या जगण्यातलं बरं थोडंथोडं आत येऊ लागतं आणि मूड मागाहून येतो, त्याला चार-सहा आठवडे लागतात. ज्याची चाळणच तशी झालीय त्याने सकाळी उठून तीन चांगल्या गोष्टी आणायच्या कुठून? मी वही घेऊन बसले होते. पान कोरं राहिलं आणि तेही माझंच अपयश म्हणून जमा झालं.

शेवटची_लोकल
ताई, तुमचं बरं झालं, आनंद आहे. पण हे असं लिहिल्याने लोक गोळ्यांच्या दारात उभे राहतात, आणि त्या दारातून बाहेर कसं पडायचं हे कुणी सांगत नाही. मी सहा वर्षं घेतल्या. पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, ‘मधुमेहात इन्सुलिन कमी, तसं तुमच्या मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन कमी.’ रक्त तपासलं नाही, काही तपासलं नाही. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे आढावे एकत्र करून दाखवलं की सिरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावाच नाही. म्हणजे मला सहा वर्षं एक गोष्ट सांगून गोळी दिली गेली.

आणि चाळणीचं म्हणाल तर ती दोन्हीकडून बंद झाली. वडील गेले तेव्हा मी स्मशानात उभा होतो आणि डोळ्याला पाणी नाही. मोठा भाऊ ओक्साबोक्शी रडतोय आणि मी लाकडं मोजतोय. तुम्ही म्हणता वाईट कमी दिसायला लागलं. मला वडिलांचं जाणंसुद्धा दिसलं नाही.

रानजाई
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ते मी खोडून काढणार नाही, काढूही शकत नाही. पण सिरोटोनिन कमी असतं असं मी कुठे लिहिलं? तुमचा राग इन्सुलिनच्या गोष्टीवर आहे, माझाही आहे. कारण माहीत नाही म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. तापाचं कारण सापडलं नाही तरी पॅरासिटामॉलने ताप उतरतोच ना? २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चिप्रियानींच्या अभ्यासात ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर माणसं होती. डिप्रेशनवरची २१ च्या २१ औषधं औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस निघाली.

शेवटची_लोकल
सरस किती, तेही लिहा. फरक माफकच होता, तोही बहुतेक आठ आठवड्यांचा. मी सहा वर्षांचं बोलतोय. आणि तुमच्या चेहऱ्यांच्या चाचणीचंही पुढचं ऐका. तीच मंडळी पाच देशांतल्या ९१३ रुग्णांवर हे वापरायला गेली. आठवड्याभरात चेहरे ओळखण्यात काय बदल होतो ते बघून औषध बदलायचं की ठेवायचं ते ठरवायचं. २०२१ मध्ये निकाल आला. डिप्रेशनमध्ये ठळक फरक नाही.

रानजाई
चिंता कमी झाली होती त्यात, तेही लिहा. पण हो, मुख्य प्रश्नाचं उत्तर नाही असंच आलं. हे मला माहीत होतं आणि मी वर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

कपाशी
मी यवतमाळकडचा. तुमची चाळण समजली, पण एक विचारतो. माझ्या मोठ्या भावावर सोसायटीचं कर्ज आहे, सावकाराचं वेगळं. बोंडअळीने दोन वेचे गेले. तो म्हणते की काही खरं नाही आता. हा बिघाड झाला का त्याच्या डोक्याचा? शहरातून लोक येतात, विचार सकारात्मक ठेवा म्हणतात. कापसाला भाव द्या म्हणावं, विचार आपोआप सुधारतात.

कुठंतरी वाचलं होतं की उदास माणसालाच जग खरं दिसते, बाकीचे भ्रमात असतात. मले तर ते पटते.

रानजाई
दादा, तो १९७९ चा प्रयोग, अलॉय आणि एब्रमसन यांचा. बटण दाबलं की दिवा लागतो का, आपल्या हातात किती आहे, हे उदास विद्यार्थ्यांनी जास्त बरोबर ओळखलं होतं. २०२२ मध्ये तो नव्याने करून पाहिला तेव्हा तसं निघालं नाही.

पण ते सोडा. भावाचं कर्ज खरं आहे, अळीही खरी आहे. तिथे कुणी विचार बदला म्हणत असेल तर मी तुमच्या बाजूने भांडेन. मला एकच विचारायचं आहे. कर्जाखेरीज तो आणखी काय बोलतो? ‘मी नसलो तर पोरांचं बरं होईल’ असलं काही?

कपाशी
हो. दिवाळीनंतर दोनदा म्हणाला. पोरगी दहावीत ९१ टक्के घेऊन आली तर म्हणे, हिचंही माझ्यामुळंच वाटोळं होईल. पेढा हातात धरून बसला होता, खाल्ला नाही.

रानजाई
कर्ज हिशोबातलं आहे. ९१ टक्क्यांत वाटोळं दिसणं हा आजार आहे. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं असं काही नाही. वैदर्भीय माणसाला हे मी सांगावं असं नाही, तुमच्याच अमरावती-वर्धा भागात विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, तर उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४ टक्क्यांवरून २७ वर गेलं. त्याला आजच जिल्हा रुग्णालयात न्या. नेईपर्यंत एकटं ठेवू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तालुक्याचं_दुकान
माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं. तुम्ही सगळे मोठमोठ्या अभ्यासांवर भांडताय, काउंटरवर काय होतं ते सांगतो. चिठ्ठी महिन्याची असते, माणूस दहा गोळ्या मागतो. आठव्या दिवशी येऊन म्हणतो, काही फरक नाही, पोटात मळमळतं, बंद केल्या. फरक कधी पडेल हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. उलटे असे आहेत की पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन येतात, मी नाही म्हटलं की समोरच्या दुकानातून घेतात.

आणि फक्त गोळी की फक्त बोलणं, यावर गोव्याचं उदाहरण बघा. २००३ च्या लॅन्सेटमध्ये आहे, सरकारी दवाखान्यातले ४५० रुग्ण. फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध दोन महिन्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन ठरलं नाही. लगेच हुरळू नका. २०१७ मध्ये त्याच गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. विचार बदला वगैरे नाही. सुटलेली कामं पुन्हा धरायची, बाहेर पडायचं, माणसांत जायचं. त्याचा चांगला उपयोग झाला.

शेवटची_लोकल
हे मला गोळी देताना कुणी सांगितलं असतं तर. चाळण बदलते म्हणता ना, मग खोलीत एकट्याने पडून राहिलेल्या माणसाच्या चाळणीत येणार काय? मला गोळी दिली आणि त्याच खोलीत परत पाठवलं. पुढच्या भेटी पाच-पाच मिनिटांच्या.

दोन_मुलींची_आई
मध्येच विचारते, राग मानू नका. माझी धाकटी २७ वर्षांची, दीड वर्षापासून डिप्रेशनची गोळी घेते, एस्सिटॅलोप्राम १०. आता छान आहे, नोकरी करते. स्थळं येताहेत. सांगायचं का? आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत.

तालुक्याचं_दुकान
लग्न झाल्यावर सांगा. आधी सांगून किती स्थळं मोडलेली बघितलीत मी. थायरॉईडची गोळी कुणी सांगतं का?

शेवटची_लोकल
हे साफ चुकीचं आहे. माझ्या बहिणीच्या बाबतीत ‘नंतर सांगू’ झालं. नंतर म्हणजे कधी? तिने गोळ्या मेथीच्या डब्यात लपवल्या, सासूला सापडू नयेत म्हणून एके दिवशी फेकल्या. एकदम बंद. तिसऱ्या दिवसापासून डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चक्कर, रडू. सासरच्यांना वाटलं वेड लागलं. माहेरी पाठवली ती अजून माहेरीच आहे. डोस हळूहळू, आठवडे-महिने घेऊन उतरवायचा असतो हे तिला ठाऊक होतं. पण लपवलेली गोळी उतरवणार कशी?

तालुक्याचं_दुकान
तुमच्या बहिणीचं वाईट झालं, पण एका घरावरून सगळ्यांना नियम लावू नका. कायदा काय म्हणतो बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये लग्नाला आणि संततीला अयोग्य ठरवेल इतपत मानसिक आजार म्हटलंय. १० मिलिग्रॅम घेऊन नोकरी करणारी मुलगी त्यात बसत नाही. फेफरं पूर्वी त्या यादीत होतं, १९९९ मध्ये काढलं. समाज त्या मानाने मागे आहे, त्याची शिक्षा मुलीने का भोगायची?

शेवटची_लोकल
कलम १२ पण वाचा. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली तर लग्न रद्द करायला कोर्टात जाता येतं. कोर्टात ती गोष्ट महत्त्वाची होती की नव्हती हे ठरेपर्यंत तीन वर्षं मुलीची जातात. दुकानात बसून सल्ले देणं सोपं आहे.

तालुक्याचं_दुकान
दुकानात बसून नाही, माझी स्वतःची बायको घेते. लग्नाआधीपासून. मला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं, तिने स्वतः सांगितलं. सोळा वर्षं झाली.

शेवटची_लोकल
तुम्ही चांगले निघालात. सगळे निघत नाहीत.

रानजाई
आई, तुमच्या मुलीला विचारलंत का? मला सांगायचं होतं आणि घरच्यांनी तोंड बंद केलं होतं. ते सोळा महिने मी रोज समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘याला कळलं का’ हे शोधत होते. ज्या आजारात चेहरेच चुकीचे दिसतात, त्यात आणखी एक भीती चेहऱ्यावर शोधायला लावायची? माझं मत, मुलीने मुलाशी एकटीने बोलावं. पत्रिकेसोबत द्यायची गोष्ट नाही ही, आणि दडवायचीही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, तिच्या शब्दांत.

दोन_मुलींची_आई
विचारलं नव्हतं. आम्ही दोघंच भांडत होतो. आज विचारते.

शेवटची_लोकल
दूधवाल्याचा मुद्दा मी दोनदा वाचला, ताई. मान्य करतो. मलाही सुरुवातीला दोन-तीन महिने तसं झालं होतं, मी ते विसरलो होतो. ऑफिसातला शिपाई पाणी ठेवताना हसतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं होतं. पुढच्या पावणेसहा वर्षांचं मात्र मी काही मागे घेत नाही.

कपाशी
भावाला घेऊन आलो यवतमाळले. रांगेत आहो. नंबर एकोणचाळीस. वहिनीनं डबा दिला आहे, अर्धी भाकर खाल्ली त्यानं.